वस्तीतील वाचनवर्ग : वाचनात मागे राहिलेल्या मुलांसाठी स्वयंसेवकांनी काय करावे

ग्रामीण भारतात २००५ सालापासून घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या ‘असर’ या पाहणीत मुलाच्या हाती एक साधा कागद दिला जातो. त्यावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट छापलेली असते. २०२४च्या पाहणीत इयत्ता पाचवीतील ४८.८ टक्के मुलांनाच ती गोष्ट वाचता आली. २०१८मध्ये हे प्रमाण ५०.५ टक्के होते आणि शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२मध्ये, ते ४२.८ टक्क्यांपर्यंत घसरले होते. महासाथीतील घसरण बरीचशी भरून निघाली ही समाधानाची बाब असली, तरी पाचवीतील जवळजवळ निम्मी मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत ही स्थिती महासाथीच्याही आधीची आहे, हे या आकड्यांवरून उघड होते. अशा मुलासमोर परिसर अभ्यासाचे पुस्तक असते, गणितातील शाब्दिक उदाहरणे असतात, प्रश्नपत्रिकेतील सूचना असतात आणि त्यांपैकी काहीही त्याला स्वतःहून उकलत नाही; त्यामुळे एका विषयातील कमतरता बघता बघता सर्व विषयांतील कमतरता बनते.

हे मूल बहुतेक वेळा गरीब घरातील असते आणि त्यामागची कारणे त्याच्या बुद्धीत नसून त्याच्या परिस्थितीत असतात. घरात छापील मजकूर जवळजवळ नसतो. आईवडील पहाटे कामावर जातात आणि रात्री परततात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे वर्षातील पाच-सहा महिने शाळेबाहेर जातात. गावातील द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षकांना चार-पाच इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. पहिलीत अक्षरओळख कच्ची राहिली, तर दुसरीचा वर्ग त्या मुलासाठी थांबत नाही, कारण पाठ्यपुस्तक वेळेत पूर्ण करणे हे शिक्षकावरील पहिले बंधन असते. वाचन शिकवण्याची वेळ पहिली-दुसरीतच संपली असे अभ्यासक्रम गृहीत धरतो आणि ज्याला तेव्हा जमले नाही, त्याला पुन्हा शिकवण्याची जागा वेळापत्रकात कोठेच उरत नाही. स्वयंसेवकाला भरून काढायची आहे ती हीच जागा.

प्रत्यक्षात मात्र वस्तीत चालणारे बहुसंख्य मोफत वर्ग गृहपाठ पूर्ण करून घेण्यातच संपतात. मुले दप्तरे उघडतात, स्वयंसेवक प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहितो, मुले ती वहीत उतरवतात आणि तासाभराने सर्वजण समाधानाने घरी जातात. पाहून उतरवणे आणि वाचणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. वळणदार अक्षरात पानेच्या पाने उतरवणाऱ्या मुलाला त्यातील एक ओळही वाचता येत नाही, असे वारंवार आढळते आणि सुबक वहीमुळे ते पालकांच्या, शिक्षकांच्या व स्वयंसेवकाच्याही लक्षात येत नाही. म्हणून वाचनवर्गाने पहिल्याच दिवशी गृहपाठाला नम्रपणे नकार द्यावा, त्याचे कारण पालकांना समजावून सांगावे आणि मिळालेला सर्व वेळ वाचनालाच द्यावा. हा निर्णय पहिले दोन आठवडे लोकांना रुचत नाही. तरीही त्यावर ठाम राहिले पाहिजे, कारण उरलेल्या सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

फारशी पदवी किंवा प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तींना हे काम जमते का, या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच मिळालेले आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम राबवला. त्यात शालेय शिक्षण पूर्ण केलेली, त्याच परिसरात राहणारी तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन भाषा व गणिताच्या पायाभूत गोष्टी शिकवत असे. २००१ ते २००३ या काळात या उपक्रमाचे मूल्यमापन झाले. त्यासाठी काही शाळांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया निवडून उपक्रम दिला गेला आणि उरलेल्या शाळांशी त्यांची तुलना केली गेली. पहिल्या वर्षी मुलांच्या गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप असून, शिक्षणक्षेत्रातील एवढ्या कमी खर्चाच्या उपक्रमासाठी ही वाढ लक्षणीय मानली जाते. अधिक महत्त्वाची बाब अशी की, या वाढीचा मोठा वाटा सर्वांत मागे असलेल्या मुलांच्या पदरात पडला. मात्र उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने फायदा बराच ओसरून सुमारे ०.१० इतकाच उरला होता, म्हणजे आधार काढून घेतल्यावर मूल पुन्हा मागे सरकू शकते, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात याच संस्थेने गावकरी स्वयंसेवकांमार्फत वाचनवर्ग चालवले, तेव्हा वर्गाला आलेल्या मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा दिसली, परंतु गावातील फार थोडी मुले वर्गापर्यंत पोहोचली. पुढे २०१३-१४मध्ये त्याच राज्यात तिसरी ते पाचवीच्या मुलांची त्यांच्या वाचनपातळीनुसार गटांत विभागणी करून शाळेच्या वेळेतच दहा किंवा वीस दिवसांची शिबिरे घेण्यात आली, ती एकूण पन्नास दिवसांची होती आणि त्यांतून झालेली वाढ आधीच्या प्रयोगांपेक्षा पुष्कळ मोठी होती. या पद्धतीला स्तरानुसार अध्यापन म्हणतात. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न पाहता ते वाचनाच्या कोणत्या पायरीवर उभे आहे ते पाहायचे आणि तेथून शिकवायला सुरुवात करायची, एवढाच तिचा गाभा आहे. या अनुभवांतून स्वयंसेवकाने दोन गोष्टी घ्याव्यात : शिकवणाऱ्याच्या पदवीपेक्षा पातळीची अचूक निवड आणि रोजचा सराव अधिक परिणाम करतात, आणि वर्ग उघडल्याने मुले आपोआप येत नाहीत, त्यांना घरी जाऊन बोलवावे लागते.

पातळी ठरवण्यासाठी ‘असर’चा कागद व तो वापरण्याची रीत कोणालाही शिकता येते. मुलाला इतरांपासून थोडे दूर, शेजारी बसवून प्रथम परिच्छेद वाचायला द्यावा. तो त्याने सुटे शब्द जोडल्यासारखा न वाचता वाक्य म्हणून वाचला आणि तीनपेक्षा अधिक चुका झाल्या नाहीत, तर गोष्ट द्यावी. परिच्छेद जमला नाही, तर शब्दांपैकी कोणतेही पाच निवडायला सांगावेत आणि चार बरोबर आले तर मूल ‘शब्द’ पायरीवर आहे असे मानावे. शब्द जमले नाहीत, तर हाच नियम अक्षरांना लावावा. मूल हळू वाचत असले तरी चालते, अडखळून स्वतःच दुरुस्ती केली तर ती चूक धरू नये. चाचणीचा मजकूर मुलाने आधी पाहिलेला नसावा, कारण पाठ्यपुस्तकातील धडे सामूहिक वाचनातून पाठ झालेले असतात आणि मूल डोळे पानावर ठेवून स्मरणातून धडाधड म्हणत जाते. शंका आल्यास चित्र हाताने झाकून ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवावे. पाठांतर असेल, तर मूल पहिल्या शब्दापासून पुटपुटत तेथपर्यंत येते.

पायरी कळल्यावर शिकवायचे काय, या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या लिपीत आहे आणि परदेशी पुस्तकांतील सूचना येथे अपुऱ्या पडतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर साधारणपणे एका उच्चारखंडाचे, म्हणजे व्यंजन व स्वर यांच्या जोडीचे, चिन्ह असते. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली, तर चारशे आठ रूपे होतात आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. कन्नड लिपीची रचनाही अशीच असून, सोनाली नाग यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नडविषयक अभ्यासात मुलांचे अक्षरशिक्षण चौथीपर्यंतही पूर्ण होत नसल्याचे दाखवले आहे. तात्पर्य, तिसरीतल्या मुलाला बाराखडी पूर्णपणे येत नसेल, तर त्यात मुलाचा आळस शोधण्याचे कारण नाही. या लिपीला वेळच लागतो आणि शाळेने तो पुरेसा दिलेला नसतो.

अशा मुलाला ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंतची सर्व अक्षरे क्रमाने गिरवायला लावण्यात आणखी एक वर्ष जाते. त्याऐवजी ज्यांतून लगेच शब्द बनतील अशा अक्षरांचा छोटा गट घ्यावा. उदाहरणार्थ क, म, न, ल, र, स ही सहा अक्षरे आणि काना एवढ्या सामग्रीतून ‘कान’, ‘नाक’, ‘मान’, ‘मका’, ‘रस’, ‘लाल’, ‘कमान’, ‘सामान’ असे शब्द आणि ‘काकाला मका, मामाला रस’ अशी वाक्येही तयार होतात, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मूल अर्थपूर्ण काहीतरी वाचते. ज्या मुलाने दोन-तीन वर्षे केवळ अपयश अनुभवले आहे, त्याच्यासाठी हा अनुभव मोलाचा असतो. पुढचा गट घेताना दिसायला सारखी अक्षरे (घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य) एकाच आठवड्यात आणू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे आणावे आणि नंतर दोन्ही असलेले शब्द शेजारी ठेवून फरक दाखवावा.

स्वरचिन्हांच्या बाबतीत वेलांटी सर्वांत त्रासदायक ठरते, कारण पहिली वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. ‘मिनूची मांजर पिशवीत बसली’ हे वाक्य एखाद्या मुलाने ‘मनूची मांजर पशवीत बसली’ असे वाचले, तर वरवर पाहता दोन चुका दिसतात; नीट ऐकले, तर चूक एकच आहे. मुलाने ‘ची’, ‘वी’ आणि ‘ली’ बरोबर वाचले आहेत, म्हणजे दुसरी वेलांटी त्याला येते, पण डावीकडे येणारी पहिली वेलांटी ते ओलांडून पुढे जाते. अशा मुलाला संपूर्ण बाराखडी पुन्हा घोकायला लावण्याची काही गरज नाही. ‘दिवा’, ‘किती’, ‘चिमणी’, ‘शिडी’, ‘विहीर’ असे दहा-बारा शब्द चार दिवस रोज पाच मिनिटे वाचले की काम होते. चुकांची नोंद अशा नेमक्या नजरेने करणे हे स्वयंसेवकाचे सर्वांत महत्त्वाचे कौशल्य आहे आणि ते महिन्याभराच्या सरावाने कोणालाही साधते. ‘चुकले, पुन्हा वाच’ एवढेच सांगणाऱ्याला मुलाची अडचण कधीच कळत नाही.

दुसरी अडचण अंत्य व मधल्या ‘अ’ची आहे. ‘सरबत’ या शब्दातील चारही अक्षरे मुलाला येत असतात, ते ‘स-र-ब-त’ असे सुटे उच्चारते आणि तरीही शब्द ओळखत नाही, कारण बोलताना तो ‘सर्-बत्’ असा दोन तुकड्यांत ऐकू येतो. येथे अक्षरे पुन्हा विचारण्यापेक्षा ‘आता जरा पटकन, बोलतो तसे म्हण’ असे सांगावे आणि वाटल्यास शब्दाचे दोन तुकडे बोटाने दाखवावेत. ‘च’, ‘ज’ व ‘झ’ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत, ‘चाक’ आणि ‘चार’ किंवा ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांत ते ऐकू येतात. त्यासाठी नियम सांगत बसू नये, मुलाला शब्द आधीपासून माहीत असला की योग्य उच्चार तोंडी येतो. जोडाक्षरे, रफार आणि ‘वाऱ्या’तल्यासारखा ऱ्य हे सर्व मूल साधा परिच्छेद वाचू लागल्यानंतरच, मजकुरात भेटतील तसे घ्यावे. शुद्धलेखनातील ऱ्हस्वदीर्घाचा आग्रह या टप्प्यावर वाचनाला मारक ठरतो आणि तो वर्षभर बाजूला ठेवला तर काहीही बिघडत नाही.

अक्षरांचे काम कितीही चांगले झाले, तरी त्याला तासातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वेळ देऊ नये. अक्षरे ओळखण्यातच सारे लक्ष खर्च झाले, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत मूल त्याची सुरुवात विसरते आणि अर्थ लागत नाही. ओळखणे आपोआप होऊ लागल्यावरच मन अर्थासाठी मोकळे होते. या सहजतेला वाचनातील ओघ म्हणतात आणि तो जमेल अशा पातळीचा भरपूर मजकूर पुन्हा पुन्हा वाचल्यानेच येतो. त्यामुळे तासाची सुरुवात स्वयंसेवकाने स्वतः एखादी गोष्ट चांगल्या आवाजात वाचून दाखवण्याने करावी, पुस्तक मुलांना दिसेल असे धरावे, मधे थांबून पुढे काय होईल ते विचारावे. नंतर थोडे शब्दकाम आणि मग प्रत्येक मुलाचे स्वतःचे वाचन व्हावे. सर्वांनी एका सुरात वाचणे टाळावे, कारण त्या सुरात वाचता न येणारे मूल सहज लपते.

मजकूर मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके घरातल्या साध्या मराठीत लिहिलेली आहेत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५मध्ये सुरू झालेल्या संग्रहात पायऱ्यांनुसार लावलेल्या मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्या छापूनही घेता येतात. ‘बालभारती’चे ‘किशोर’ हे मासिक १९७१पासून निघत आहे आणि वाचू लागलेल्या मुलांसाठी ते उत्तम आहे. तथापि, सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांत उपयोगी मजकूर मुलाने स्वतः सांगितलेला असतो. मूल म्हणते, ‘आमच्या कोंबडीनं काल अंडं घातलं’. स्वयंसेवकाने ते वाक्य मोठ्या अक्षरात, ‘कोंबडीनं’चे ‘कोंबडीने’ न करता, जसेच्या तसे लिहावे आणि मुलाला वाचायला द्यावे. आपले बोलणे कागदावर येते आणि कागदावरचे पुन्हा बोलता येते, ही वाचनाच्या मुळाशी असलेली गोष्ट मुलाला अशा वाक्यातून जितकी लवकर कळते तितकी कोणत्याही धड्यातून कळत नाही. अशी वाक्ये एका वहीत चिकटवत गेले की प्रत्येक मुलाचे स्वतःचे पुस्तक तयार होते आणि ते घरी आईला वाचून दाखवण्यात त्याला अभिमान वाटतो.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांच्या बाबतीत हीच रीत अधिकच आवश्यक ठरते. पालघरमधील वारली, नंदुरबारमधील पावरी, मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी बोलणारी मुले शाळेत येतात, तेव्हा त्यांना अपरिचित लिपीबरोबर अपरिचित भाषाही शिकायची असते. कोरकू ही तर मुंडा कुळातील आणि गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे, म्हणजे मराठीशी त्यांचे मूळचे नाते नाही. ज्या शब्दाचा अर्थच माहीत नाही, तो शब्द अक्षरे जुळवून बरोबर उच्चारला तरी मुलाच्या मनात काहीच उमटत नाही. अशा वर्गात त्या भाषेत बोलणारी गावातील ताई सोबत असणे ही पहिली अट मानावी, गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगावी, चित्रांवर गप्पा व्हाव्यात आणि मग मराठी मजकूर समोर यावा. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने आदिवासी मुलांच्या आरंभिक भाषाशिक्षणाची साधने तयार केली आहेत, ती नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी अवश्य पाहावीत. मुंबईत महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. तेथे एका वस्तीत मराठी, हिंदी व उर्दू माध्यमाची मुले शेजारी राहतात आणि त्यांना एकाच गटात बसवून एकच लिपी शिकवणे हा त्यांच्यावर अन्याय होतो. मूल ज्या माध्यमात शिकते, त्याच भाषेत त्याचे वाचन पक्के करावे. पालक इंग्रजीची मागणी करतील आणि त्यांची ती इच्छा रास्त आहे. त्यांना एवढेच सांगावे की, एका भाषेत वाचू लागलेल्या मुलाला दुसरी लिपी शिकणे पुष्कळ सोपे जाते.

सहावी-सातवीत पोहोचूनही वाचता न येणारे मूल हा स्वतंत्र विषय आहे. त्याला लहान मुलांच्या गटात बसवले, तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही आणि त्याचे न येणे समजण्यासारखे आहे. त्याच्यासाठी वेगळी वेळ, शक्य तर एकास एक बैठक आणि वयाला साजेसा मजकूर हवा : एसटीच्या पाट्या, किराणा दुकानातील वस्तूंची नावे, क्रिकेटच्या बातम्यांचे मथळे, मोबाइलवरचे संदेश. वर्गात कोणाही मुलाला ‘ढ’ किंवा ‘कच्चा’ असे म्हटले जाणार नाही आणि एकाची पायरी दुसऱ्यासमोर जाहीर केली जाणार नाही, हा नियम सर्वच वयोगटांसाठी कटाक्षाने पाळावा. मूल अडखळले की शेजारचे मूल उत्तर ओरडून सांगते. ते थांबवून वाचणाऱ्याला काही क्षण शांतपणे देणे, वाक्य पूर्ण होईपर्यंत न टोकणे आणि मग ‘असं म्हणतात का?’ एवढेच विचारणे यातून मूल स्वतःची चूक स्वतः शोधायला शिकते.

वर्गाची जागा व वेळ स्वयंसेवकाच्या सोयीने ठरवली, तर वर्ग बंद पडतो. नळाला पाणी येण्याची वेळ, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी, आईची कामावरून परतण्याची वेळ या गोष्टी आयांशी बोलूनच कळतात. धाकटे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत न पाठवता त्या भावंडाच्या हाती एखादे चित्रपुस्तक द्यावे. समाजमंदिर, अंगणवाडी किंवा शाळेची ओसरी यांपैकी जागा अशी निवडावी की, तेथे पाऊल ठेवताना कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या मुलाला संकोच वाटू नये. एका स्वयंसेवकाकडे सहाहून अधिक मुले नसावीत आणि बैठक तासाभराची असावी; आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा पाच दिवस पाऊण तास बसणे कितीतरी अधिक फलदायी ठरते. वर्ग नेहमी उघड्या दाराने, दोन प्रौढांच्या उपस्थितीत चालावा, पालकांची लेखी संमती घ्यावी, मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ हा बालमदत क्रमांक स्वयंसेवकाला पाठ असावा.

दोन-तीन महिन्यांच्या नियमित सरावानंतरही अक्षरे टिकत नसतील, तर मुलाची दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे. शासकीय शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विनामूल्य होते. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी सामान्य असूनही वाचन-लेखनात येणारी विशिष्ट अडचण, हिला २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्यता दिली आहे, परंतु तिचे निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. स्वयंसेवकाने असे शिक्के स्वतः मारू नयेत. शिकवलेच न गेलेले मूल आणि शिकूनही न जमणारे मूल यांतला फरक काही महिने शिकवल्याशिवाय कळत नाही.

प्रगतीची नोंद एका साध्या वहीत ठेवावी : मुलाचे नाव, हजेरी, पायरी आणि त्या आठवड्यात दिसलेली एक नेमकी अडचण. महिन्यातून एकदा पायरीची तपासणी शिकवणाऱ्याने स्वतः न करता दुसऱ्या गटाच्या स्वयंसेवकाकडून करून घ्यावी, कारण मुलावर जीव जडला की त्याच्या चुका कानाआड होतात. २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द अशी अपेक्षा ठेवली आहे. शाळेला तिचा उपयोग असेल, परंतु मागे पडलेल्या मुलासमोर घड्याळ धरल्याने त्याचा अर्थाकडे जाणारा रस्ताच बंद होतो. वाचून झाल्यावर त्याने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली, तर ती अधिक खरी कसोटी आहे. ही वही दर महिन्याला वर्गशिक्षकांना दाखवावी. शिक्षकांवर टीका करत चाललेला वर्ग फार काळ टिकत नाही, आणि मुलांना दिवसातले पाच-सहा तास त्यांच्यासोबतच काढायचे असतात.

स्वयंसेवकाने आश्वासन जपून द्यावे. दोन महिन्यांनी अचानक येणे थांबवणारा दादा किंवा ताई मुलाला वाचनाविषयी जे शिकवून जाते, ते दूर करायला पुढच्या व्यक्तीला बराच काळ लागतो. म्हणून एका गटासाठी दोघांनी जोडी करावी आणि दिवस वाटून घ्यावेत. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवाकार्य करायचे असते. आठवड्याला साडेचार तास धरले, तर ते सहा महिन्यांच्या वाचनवर्गाला पुरतात आणि महाविद्यालयांनी हे तास एकेका दिवसाच्या कार्यक्रमांत विखरून टाकण्याऐवजी अशा कामाकडे वळवावेत. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका यांच्याकडे वेळही असतो आणि नियमितपणाची सवयही.

महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास आणि विदर्भात जूनच्या अखेरीस उघडतात. ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेल्या वर्गाला, गणपतीची सुट्टी वजा जाता, स्थलांतरापूर्वी साठेक दिवस मिळतात आणि अक्षरपायरीवरील बहुतेक मुलांना साधा परिच्छेद वाचण्यापर्यंत नेण्यास तेवढे दिवस पुरू शकतात. ज्यांना हे काम करायचे आहे, त्यांनी शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे, तिसरी ते पाचवीतील सहा मुलांची नावे मागून घ्यावीत आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जावे.